हवा पाहून देऊ का जी?

डॅशबोर्डवर कधी कधी एक पिवळी खूण उमटते. घोड्याच्या नालेसारखी वाकलेली, तळाला दातेरी, पोटात उद्गारचिन्ह. टायर मधोमध कापला तर जसा दिसेल तसं ते चित्र आहे, टायरमधली हवा कमी झाल्याचा तो इशारा, पण हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. नव्या गाडीत ही खूण पेटली की माणूस गाडी कडेला घेतो, उतरतो, चारही चाकांना बुटाची ठोकर मारून पाहतो. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत तीच खूण महिनोन्‌महिने पेटलेली असते आणि मालक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "त्याचं काही नाही, सेन्सर गेलाय."

हे 'काही नाही' महागात पडतं, आणि ते टाळायला लोक समजतात तेवढा पैसा लागत नाही. ज्या गाडीत असा दिवाच नाही, तिचा मालक निदान पंपावर हवा पाहून घेतो. ज्याचा दिवा चालू स्थितीत आहे तो दिव्याच्या भरवशावर असतो, तेही एक वेळ चालेल. पण ज्याचा दिवा कायम पेटलेला आहे तो दिव्याचंही ऐकत नाही आणि गेजही लावत नाही.

कारंजा (घाडगे) हे गाव या विषयासाठी निवडण्याचं कारण रस्ता. नागपूर–अमरावती मार्गावर कोंढाळी मागे टाकली की वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव येतं. पुढे तळेगाव (शामजीपंत), तिवसा, मोझरी. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, नव्या हिशेबात ५३. जुना हजिऱ्याहून निघून कोलकात्याकडे जायचा. कंसातलं 'घाडगे' मात्र विसरू नये. ते गाळलं तर मोबाइलचा नकाशा बिनदिक्कत वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड)ची वाट धरायला लावतो आणि संत्र्यांऐवजी गुरुमंदिरापाशी पोचवतो. इथला तालुका संत्र्याचा. हंगामात भरलेले ट्रक, वर्षभर कापूस, सिमेंट, सळई, कंटेनर. असा रस्ता असला की कडेला टायरची दुकानं येतातच. खांबाला लटकवलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर', खाली कॉम्प्रेसरची टाकी, पाण्याचा टब आणि जमिनीवर पसरलेल्या टॉमी, पाने, जॅक. गाडी नुसती सावलीला थांबली तरी आतून आवाज येतो, "हवा पाहून देऊ का जी?"

इथे हवा पौंडात मोजतात. कंपनीच्या पुस्तकात जे पीएसआय लिहिलेलं असतं तेच हे पौंड.

विदर्भाच्या उन्हाबद्दल आणि हवेबद्दल एक समज इतका पक्का बसलेला आहे की तो आधी बाजूला केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उन्हाळ्यात टायर फुटतात, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असं भले भले सांगतात. घडतं नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा ताठ होते. या सततच्या वाकण्यातून रबर आणि आतले धागे तापतात. वर पंचेचाळीस अंशांचं ऊन, खाली तापलेला रस्ता आणि आत स्वतःची उष्णता. मग थर सुटतात आणि टायर फाटतो. हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो हे खरंच आहे, पण टायर बनवताना ती वाढ धरलेली असते. बत्तीस पौंडाच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. महामार्गावर तासभर गाडी पळाली की चार-सहा पौंड चढलेले असतात. अशा तापलेल्या टायरला गेज लावून "जास्त झाली" म्हणत हवा सोडली, की गाडी थंड झाल्यावर खरी हवा कितीतरी कमी भरते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मे महिन्यात भर दुपारी, टायरच्या आतली हवा ४५ अंशांवर असताना, कुणी बरोबर ३२ पौंड हवा भरली. एकही पौंड गळला नाही असं धरलं तरी डिसेंबरच्या पहाटे, १२ अंशांना, त्याच टायरमध्ये २७ पौंड उरतात. आणि टायर गळतो. काही बिघाड नसतानाही रबरातून महिन्याला एखादा पौंड निघून जातो. इतकं होऊनही तो पिवळा दिवा पेटेलच असं नाही. अमेरिकी नियमात ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा देणं सक्तीचं आहे. म्हणजे ३२ चे २४ होईपर्यंत दिवा गप्प बसू शकतो. सेन्सर धडधाकट असला तरी गेज फेकून द्यायचं नाही, ते यासाठी.

हा अमेरिकी नियम आला कसा, ती हकीकत आपल्याकडच्या उन्हाशी फार जवळची आहे. २००० साली फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर चालत्या गाडीत सोलून निघू लागले, गाड्या उलटल्या. अडीचशेहून अधिक माणसं त्यात गेली. सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांत हे प्रकार जास्त झाले. फोर्डने या गाडीसाठी सांगितलेला दाब होता २६ पौंड, फायरस्टोन म्हणत होतं ३० हवेत. दोष टायरचा, गाडीचा की दाबाचा यावर दोन्ही कंपन्यांचं जे भांडण जुंपलं त्यात त्यांचं जवळपास शतकभराचं नातं तुटलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अमेरिकेत नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हलक्या गाडीत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपने २०१४ पर्यंत सगळ्या नव्या मोटारींना ती लावली. त्याआधी ही चैन मोजक्या गाड्यांपुरती होती. १९८६ ची पोर्श ९५९ ही तिची पहिली मानकरी मानली जाते. तीनशे किलोमीटरच्या वेगाला टायरमधली हवा अचानक गेली तर पुढे बोलायला कुणी उरत नाही, म्हणून ती सोय.

आपल्याकडे अशा वेगाचा प्रश्नच कुठे येतो, असं दहा वर्षांपूर्वी म्हणता आलं असतं. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वर्धा जिल्ह्यात तो सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. कारंजा त्याच्या वाटेवर नाही. पण नागपूरहून मुंबईकडे जाणारी मोटार आता १२० च्या परवानगीने सलग दोन-तीन तास सिमेंटवर धावते, आणि झिजलेले, कमी हवेचे टायर तिथे आपला हिशेब पुरा करतात. २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरवाल्या गाड्या परत पाठवल्या. ते चांगलंच झालं. मात्र 'टायर फुटला' हा आपल्याकडे प्रत्येक अपघाताचा तयार निकाल होऊन बसला आहे, हेही बरं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचं आधी सांगण्यात आलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाला टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही. टायरवर बोट दाखवलं की माणसाच्या चुकीची चौकशी थांबते. आणि जिथे टायर खरोखर गेलेला असतो तिथेही तो आदल्या महिन्यापासून काय सांगत होता, ते कुणी विचारत नाही.

आता ते सांगणाऱ्या वस्तूकडे, सेन्सरकडे.

नागपूरच्या एका डॉक्टरांची दोन सीटांची जुनी जर्मन गाडी कारंजाजवळ खिळ्याने अडकली, तेव्हा ती वस्तू मला जवळून पाहायला मिळाली. ट्रकच्या टायरांची सवय असलेल्या दुकानात अशी गाडी आली की मालकाच्या पोटात गोळा येतो. इथे दुकानातल्या पोराने टॉमी उचलण्याआधीच विचारलं, "साहेब, याच्यात सेन्सर आहे का? आधी सांगून द्या, मंग कड सोडवतो." हा प्रश्न शहरातल्या चकचकीत दुकानातही दर वेळी विचारला जात नाही. सेन्सर रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसलेला असतो. टायरची कड रिमवरून सुटताना दाब किंवा लोखंड नेमकं तिथे पडलं तर प्लास्टिकचा चुरा होतो. म्हणून व्हॉल्व्हच्या शेजारी हात घालायचा नाही, कड दुसऱ्या बाजूने सोडवत आणायची, आणि टायर परत चढवतानाही शेवटचा ताण व्हॉल्व्हवर येऊ द्यायचा नाही. पोराने तसंच केलं. टायर बाजूला झाला आणि रिमच्या खोलगटीत दोन बोटं रुंद, काळा प्लास्टिकचा तुकडा दिसला. वजन तीस ग्रॅमच्या आसपास. एका अंगाला टाचणीच्या टोकाएवढं भोक. हवेचा दाब तिथून मोजला जातो. पाठीवर बारीक अक्षरांत एक आकडा, आणि कडेला बनवल्याची तारीख.

या तुकड्यात काय असतं? दाब आणि तापमान मोजणारी चिप, छोटा रेडिओ आणि नाण्याएवढी लिथियमची बॅटरी. सगळं राळेत कायमचं बुडवलेलं. गाडी उभी असली की तो झोपतो, चाक फिरायला लागलं की जागा होऊन मिनिटा-दोन मिनिटांनी आपली ओळख आणि दाब हवेत पाठवतो. बॅटरी पाच ते दहा वर्षं पुरते. उन्हाळे कडक असतील तर कमी. सेन्सर म्हातारा होतो म्हणजे ही बॅटरी संपते. बाकीचा भाग बहुधा ठणठणीत असतो. चारही एकाच दिवशी कारखान्यात बसवलेले, त्यामुळे एक गेला की उरलेले तिघे वर्षा-दोन वर्षांत त्याच्या मागे निघतात. आणि जातात ते बहुधा थंडीत. गारठ्यात बॅटरीचा जोर उतरतो आणि टायरमधला दाबही उतरतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी लागलेला दिवा नेमकं काय म्हणतोय हे कळत नाही. त्याची एक खूण आहे. गाडी सुरू केल्यावर दिवा लागला आणि स्थिर राहिला, तर हवा कमी. मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड, म्हणजे सेन्सर बोलत नाही. अमेरिकी नियमाने ही रीत घालून दिली आणि बऱ्याच गाड्यांत ती तशीच आहे. ज्या गाडीत पडद्यावर अक्षरं येतात तिथे तर प्रश्नच नाही.

डॉक्टरांना शोरूमने चार नव्या सेन्सरांचं जे अंदाजपत्रक दिलं होतं त्यात एक बरी जुनी मोटारसायकल आली असती. म्हणून त्यांनी ते कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले आणि दिवा पेटलेला ठेवून दीड वर्ष गाडी चालवली. "दिसायला टायर छान दिसतात हो," ते म्हणाले. अडचण तीच आहे. स्पोर्ट्स कारच्या टायरची भिंत बुटकी आणि कडक असते. २५५/४० मापाच्या टायरला ती जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. दहा पौंड हवा कमी झाली तरी असा टायर डोळ्यांना बसलेला दिसत नाही आणि ठोकर मारून तर काहीच कळत नाही. सायकलीच्या टायरला अंगठा दाबून पाहण्याची आपली सगळ्यांची सवय इथे निकामी आहे. त्यातून पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब वेगवेगळा. तो दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या चिकटपट्टीवर लिहिलेला असतो आणि बहुतेकांनी ती पट्टी कधी वाचलेली नसते.

स्वस्तात काम करायचं तर पहिली पायरी म्हणजे गाडीत सेन्सर आहेत की नाहीत, हेच पाहणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण अनेक गाड्यांत चाकात काहीच नसतं. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे कळत असतं. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं, आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. पडद्यावर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर आत सेन्सर आहेत. नुसता दिवा आणि 'रीसेट'चं बटण असेल तर बहुधा नाहीत. अशा गाडीत हवा नीट भरून बटण दाबलं की काम संपलं, खर्च शून्य. नसलेले सेन्सर बदलून देणारे लोकही या जगात आहेत, हे ध्यानात ठेवावं.

सेन्सर असतील तर पुढचा प्रश्न त्यांच्या भाषेचा. युरोपातल्या आणि आपल्या गाड्यांत ते ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या बऱ्याच गाड्यांत ३१५ वर. बाहेरून स्वस्तात मागवलेले चार सेन्सर दिसायला हुबेहूब आणि बसायला चपखल असले तरी आकडा चुकला तर गाडीला ते जन्मात ऐकू येणार नाहीत. म्हणून जुना सेन्सर काढून त्याच्या पाठीवरचा भाग क्रमांक वाचल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही.

खरी बचत पुढे आहे. गाडीची कंपनी सेन्सर स्वतः बनवत नाही. श्रेडर, हूफ, कॉन्टिनेंटल अशा मोजक्या कारखान्यांत ते बनतात आणि गाडीवाल्याच्या खोक्यात भरले की महाग होतात. श्रेडर म्हणजे तोच, ज्याच्या नावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेला व्हॉल्व्ह आपल्या मोटारसायकलपासून ट्रकपर्यंत सगळीकडे बसलेला आहे. याच कारखान्यांचे सेन्सर त्यांच्या स्वतःच्या नावाने बरेच कमी पैशांत मिळतात. त्याहून पुढे गेलेले म्हणजे कोरे सेन्सर. त्यांत कुठल्याही गाडीची भाषा हातात मावणाऱ्या यंत्राने भरता येते. यंत्र जुन्या सेन्सरजवळ धरायचं, तो आपली ओळख सांगतो, ती ओळख जशीच्या तशी कोऱ्यात उतरवायची. गाडीला वाटतं जुनाच सेन्सर परत आला. तिला नव्याने काही शिकवावं लागत नाही, शोरूमच्या संगणकाला जोडावं लागत नाही.

यात एक मेख आहे. मेलेला सेन्सर ओळख सांगत नाही. बॅटरी पार संपली की यंत्राला उत्तर मिळणार नाही. मग पाठीवर छापलेला आकडा हाताने भरावा लागतो आणि तो वाचायला टायर पुन्हा काढावा लागतो. म्हणून टायर कुठल्याही कारणाने उघडला, अगदी साध्या पंक्चरसाठी, तर मोबाइलने त्या आकड्याचा फोटो काढून ठेवायचा आणि कुठल्या चाकातला ते लिहून ठेवायचं. कारंजाच्या दुकानात त्या दिवशी एवढंच झालं. कोरे सेन्सर किंवा ते यंत्र अशा ठिकाणी असण्याची अपेक्षा नाही, त्यासाठी नागपूर किंवा अमरावती. पण आकडा टिपून घेण्याची बुद्धी पोराची होती.

दुसरी बचत वेळ साधण्याची आहे, आणि माझ्या मते मोठी. सेन्सर बदलण्याच्या खर्चात सेन्सर जेवढा असतो तेवढाच टायर काढणं, चढवणं आणि चाकाचं बॅलन्सिंगही असतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार सहसा कमी चालते, तिचे टायर झिजण्याआधी वयाने म्हातारे होतात. सहा-सात वर्षांनी रबर कडक होतं, नक्षी कितीही ताजी दिसो. सेन्सरच्या बॅटरीचं वयही साधारण तेवढंच. दोन्ही एकाच दिवशी बदलले तर मजुरी एकदाच पडते. नवे टायर घालून आतले आठ वर्षांचे सेन्सर तसेच ठेवणं ही काटकसर वर्षभर टिकते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे राळ कापून बॅटरी बदलणं. पुण्या-मुंबईत मोबाइल दुरुस्त करणारे हात हे करू शकतात आणि हौशी लोक करतातही. उभ्या गाडीत ते दुरुस्त झाल्यासारखंच दिसतं. मग गणित करावं. ताशी १२० किलोमीटरला रिममधल्या सेन्सरवर जो बाहेर फेकणारा जोर येतो तो गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून जास्त असतो. तीस ग्रॅमचा तुकडा तिथे सहा-साडेसहा किलोचा होतो. त्या जोराला, वर टायरच्या उष्णतेला आणि खड्ड्यांच्या दणक्यांना घरी लावलेला डाग आणि ओतलेली राळ पुरी पडली पाहिजे. लिथियमच्या सेलवर थेट कथलाचा तापता डाग देणं तर धोक्याचंच. पट्ट्या जोडून आलेले, उष्णता सोसणारे सेल वापरावे लागतात. ज्याला हे सगळं येतं त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही. बाकीच्यांनी कोरा सेन्सर घ्यावा.

मधला मार्ग आहे तो व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणाऱ्या सेन्सरांचा. चार टोप्या, काचेजवळ ठेवायचा एक छोटा पडदा किंवा मोबाइलवर ॲप, टायर काढण्याची गरज नाही. बॅटरी संपली की टोपी उघडून नवी टाकायची. पुण्याच्या ट्रील मोबिलिटी या कंपनीने असे सेन्सर देशात बनवले. जेके टायरने तिच्यात भांडवल घातलं आणि २०२० मध्ये ते आपल्या टायरांच्या जोडीने बाजारात आणले. गाडीचा मूळ दिवा यांनी विझत नाही, तो आपला पेटलेलाच राहतो. पण डोळ्यांसमोर खरे आकडे येतात, आणि आपल्याला हवेत ते आकडेच. तोटे दोन. रबरी व्हॉल्व्हवर हे वजन वेगात झोके घेतं आणि व्हॉल्व्हचं बूड चिरतं, म्हणून धातूचे व्हॉल्व्ह लावून घ्यावेत. आणि रात्री ढाब्यावर गाडी उभी केली तर सकाळी टोप्या जागेवर असतील याची हमी कुणी देऊ नये.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर दुकानात रोज घडणारी एक नासाडी सांगतो. सेन्सरचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो. त्याची प्लास्टिकची टोपी हरवली की दुकानदार डब्यातली पितळी टोपी लावून देतो, आतली पिनही गेली असेल तर साधी पितळी टाकतो. पावसाळ्यात पाणी शिरलं की पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात, पांढरी भुकटी साचते, टोपी जाम होते. पुढच्या खेपेला हवा भरणारा पक्कड लावून ती पिळतो आणि टोपीबरोबर व्हॉल्व्हची नळीच तुटून हातात येते. टायर बसला, सेन्सर गेला, कारण काय तर एक फुकटची टोपी. निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि प्लास्टिकची टोपी एवढंच हवं असतं. टायर उघडताना व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर, नट, पिन आणि टोपी असा जो छोटा संच मिळतो तो बदलून घ्यावा; नट ताकदीने न आवळता मापाने आवळावा, ४ ते ८ न्यूटन-मीटर, जसा त्या सेन्सरच्या कागदावर असेल तसा. ट्रकच्या नटाची सवय असलेल्या हाताला हे माप म्हणजे नुसतं बोट लावल्यासारखं वाटतं, आणि तिथेच तो नट चिरतो.

नायट्रोजनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. सिलिंडरमधला कोरडा असतो, ओल नसते, तेवढा फायदा; दाब मात्र तापमानाबरोबर त्याचाही तसाच चढतो-उतरतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे, तिचा लाभ घ्यावा आणि मोजायला स्वतःचं गेज न्यावं. कारण त्या नळीवरचं गेज दिवसातून शंभरदा जमिनीवर आपटलेलं असतं. काही शे रुपयांचं चांगलं गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात, त्या शोरूमच्या कागदांशेजारी राहू शकतं. सकाळी, गाडी हलवण्याआधी, चार चाकं, पाच मिनिटं.

आपल्या देशातही स्पोर्ट्स कार बनल्या. गोव्यात सॅन स्टॉर्म झाली, फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं इंजिन. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची अवंती आली. दोन्ही आता हौशी लोकांच्या शेडमध्ये. अशा गाड्यांचे सुटे भाग कंपनीकडून मिळण्याचा प्रश्नच मिटलेला असतो, त्यामुळे त्यांच्या मालकांना टोपीचे सेन्सर आणि गेज यांच्याशिवाय गती नाही आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नसते. तक्रार असते ती ज्यांच्या गाडीची शोरूम अजून चालू आहे त्यांची.

डॉक्टरांनी पुढे नागपुरात चार कोरे सेन्सर घालून घेतले, टायरांसकट. मागच्या डाव्या चाकाचा आकडा त्या फोटोवरून भरला गेला. एक गोष्ट मात्र अजून शिल्लक होती. त्यांच्या गाडीत स्टेपनी नाही. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये नसते. डिकीत जागाच नसते. आपल्याकडे २०२० च्या नियमाने साध्या मोटारींनाही ही सवलत मिळाली: टायर ट्यूबलेस असतील, दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर बुजवण्याचं किट असेल तर स्टेपनी न देता गाडी विकता येते. याचा दुसरा अर्थ असा की अशा गाडीत सेन्सर मेला तर स्टेपनी नसण्याची अट आधीच मोडलेली असते, फक्त ती कुणी तपासत नाही. त्या किटमध्ये छोटा कॉम्प्रेसर आणि चिकट द्रावाची बाटली असते. तो द्राव व्हॉल्व्हमधून आत गेला की पंक्चर बुजतं आणि कधी कधी सेन्सरचं ते टाचणीएवढं भोकही बुजतं. मग सेन्सर जिवंत असूनही भलताच आकडा सांगत बसतो. वापरल्यावर टायर उघडून आतून पुसून घ्यावा लागतो, आणि द्राव घेतानाच सेन्सरला चालणारा घ्यावा लागतो. डॉक्टरांच्या डिकीतली बाटली गाडीबरोबर आलेली, कधी न हलवलेली. तिच्यावरची मुदत केव्हाच उलटून गेली होती.